सिनेमा बाजूला ठेवून नुसता स्कोअर ऐकणारं कोणी आहे का?

राजारामपुरीकर
शनिवार, रात्री १०:४०

आधीच सांगतो, गाण्यांबद्दल बोलत नाहीये. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेलं चित्रपटाचं पार्श्वसंगीत, म्हणजे स्कोअर, समोर पडदा नसताना पहिल्यापासून शेवटपर्यंत बैठक मारून ऐकणारं इथे कोणी आहे का? कोल्हापुरात माझ्या ओळखीत तरी नाही. 'काल रात्री लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऐकत बसलो होतो' म्हटलं की मित्रांचा प्रश्न ठरलेला, 'मग पिक्चरच का नाही लावलास?'

त्याचं उत्तर नीट द्यायचं म्हणून हा धागा.

लॉर्ड ऑफ द रिंग्जचा पहिला भाग, 'द फेलोशिप ऑफ द रिंग' (२००१), त्याचं संगीत हॉवर्ड शोरचं. वाजवलंय मुख्यतः लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं. त्यात अंगठी घेऊन प्रवासाला निघणाऱ्या नऊ जणांच्या टोळीची एक थीम, म्हणजे ओळखीची धून, आहे. पिक्चर बघताना ती एक-दोन ठिकाणी दणक्यात येते आणि आपण म्हणतो, हां, हीच ती. नुसतं ऐकायला बसल्यावर कळतं की ती कितीतरी आधीपासून येत होती. फ्रोडो आणि सॅम घर सोडून शेतातून निघतात तिथे तिचा एक तुकडा येतो, अर्धवट, दबक्या आवाजात, आणि पुढे न जाता विरतो. मग सोबती वाढत जातात तशी तिची वाक्यं लांबतात. रिव्हेन्डेलच्या सभेत नऊ जण ठरतात तेव्हा कुठे ती पूर्ण उभी राहते. डोंगरातून एका रांगेत चालत जातात तिथे सगळा ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांचा, विभाग ती पूर्ण ताकदीनं घेतो. आणि मोरियाच्या पुलावर त्यांच्यातला जादूगार गँडाल्फ गेला की तीच थीम मोडते. स्वर तेच, पण वाक्य पूर्ण होत नाही.

ख्याल ऐकणाऱ्याला ह्याचं नवल वाटू नये. एका मुखड्याची बढत कशी होते, तो दर वेळी कुठून फिरून समेवर येतो, हे ऐकायची आपल्याला सवय आहे. इथे फक्त उलटं आहे. आधी तुकडे येतात, बंदिश नंतर. पडद्यावर ऑर्क नावाचे राक्षस आणि तलवारी चालू असताना हे ऐकू येतं असं कोणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही.

तर, आहे का कोणी?

गंगावेस
शनिवार, रात्री ११:०५

भावा, मी हाय की. पण माझं हितनं न्हाई, पप्पांपास्नं सुरू झालं.

आमचे पप्पा लग्नाच्या बँडात युफोनियम वाजवायचे. घरात कायम पितळंचा वास. एकदा टीव्हीवर जॉज लागला व्हता, शार्क यायच्या आधी ते खालचं घुं-घुं सुरू झालं. आम्ही पोरं घाबरून बसलेलो आन पप्पा म्हणाले, "अरं दोनच सूर हाईत की हे, शेजारशेजारचे. सा आन कोमल रे." मग त्येंनी युफोनियम काढलं आन वाजवून दावलं. तवापास्नं मला त्या शार्कची भीती गेली, पण म्युझिकचा नाद लागला तो लागलाच.

जॉजच्या (१९७५) म्युझिकमदी जॉन विल्यम्सनं मुख्य काम ट्यूबाला, म्हंजी खालच्या आवाजाच्या मोठ्या पितळी बाजाला, दिलंया, त्ये बी ट्यूबा सहसा जिथं जात न्हाई तेवढं वर नेऊन. म्हणून त्यो आवाज धड जाड न्हाई आन धड पातळ न्हाई. पप्पांचं म्हणणं, वाजवणाऱ्याचा दम बघ. मी ती सुरावट आजबी त्या दमासाठी ऐकतो.

चौकटीबाहेर
रविवार, सकाळी ९:२०

धागा छान, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध.

शाहू स्मारकला सिनेमे बघत वाढलेला माणूस आहे मी. पार्श्वसंगीताची किंमत दृश्याच्या संदर्भातच ठरते. ते वेगळं काढून ऐकणं म्हणजे नाटकातलं फक्त नेपथ्य घरी आणून दिवाणखान्यात मांडणं. सुंदर असेल, पण कशासाठी?

आणि आपण कोल्हापूरकरांनी तर हे बोलताना 'कुंकू' (१९३७) विसरू नये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. त्यामुळे सिनेमा पुण्यात झाला तरी माणसं आपलीच. शांतारामबापूंनी त्या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ ठेवलंच नाही. घड्याळाचे ठोके आहेत, घरातले आवाज आहेत, गाण्याला साथ लागते तीसुद्धा दृश्यातूनच येते. ग्रामोफोन वाजतो आणि नायिका त्यावर गाते. संगीतकार केशवराव भोळे. एवढ्या तयारीच्या माणसानं वाद्यं बाजूला ठेवली, आणि म्हातारा नवरा आणि ते घड्याळ यांच्यातला ताण अजून अंगावर येतो. सिनेमाला संगीत लागतंच असं नाही. मग सिनेमाशिवाय संगीत कशाला?

राजारामपुरीकर
रविवार, सकाळी १०:१५

चौकटीबाहेर, 'कुंकू'चं उदाहरण जबरदस्त, त्याबद्दल आभार. पण त्यातून निघतं ते एवढंच की सिनेमा संगीताशिवाय उभा राहू शकतो. संगीत सिनेमाशिवाय उभं राहू शकत नाही, हे त्यातून निघत नाही.

आता मी एक विचारतो. 'मानापमान' नाटक १९११ चं. पदांना चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, जे पुढे ह्याच गावात प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये हरिश्चंद्र झाले आणि त्याचं संगीतही त्यांचंच. 'मानापमान'ची पदं आपण आज कुठे ऐकतो? बैठकीत, रेडिओवर, मोबाइलवर. 'चंद्रिका ही जणू' चालू असताना भामिनी कुठे उभी आहे आणि धैर्यधर काय म्हणतोय हे किती जणांना माहीत असतं? नाट्यसंगीत नाटकाबाहेर ऐकायचं शंभर वर्षं चालतं, आणि सिनेमाचं संगीत सिनेमाबाहेर ऐकलं की नेपथ्य घरी आणलं?

जुना श्रोता
रविवार, दुपारी १२:३०

राजारामपुरीकर, चांगली कोंडी केलीत.

माझं वय झालं, हे इंग्रजी संगीत मी फारसं ऐकलेलं नाही. गाण्याच्या देवल क्लबात मात्र आयुष्य गेलं. टेंबेबुवांचा उल्लेख आला म्हणून एक भर घालतो. 'अयोध्येचा राजा'च्या काळात पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचा आणि साथीदार चौकटीच्या बाहेर, दिसणार नाहीत अशा बेतानं बसून वाजवायचे. तेव्हा सिनेमाचं संगीत हे एका दमातलं वाजवणं होतं. आज तुम्ही जे वाद्यवृंद सांगता तिथे शंभर माणसं एका खोलीत एकदम वाजवतात, म्हणजे गोष्ट फार वेगळी नसावी.

माझी शंका अशी. आमच्या गाण्यात कलावंत समोर असतो. तो आज काय करेल हे त्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या ह्या स्कोअरमध्ये सगळं आधी लिहिलेलं. मग तिसऱ्यांदा ऐकताना काय उरतं?

चौकटीबाहेर
रविवार, दुपारी २:००

नाट्यसंगीताचा मुद्दा मला रात्रीपर्यंत छळणार असं दिसतंय, पण उत्तर आहे.

पद सुरू झालं की नाटक थांबतं. गायकनट पुढे येतो, प्रेक्षक सावरून बसतात, आवडलं तर वन्समोअर. नाटकच त्याला जागा करून देतं. पार्श्वसंगीताला हा मान नाही. संवाद आला की त्यानं आवाज खाली घ्यायचा, कट आला की वाक्य अर्धं सोडायचं, दार आपटलं की त्या आवाजाला वाट द्यायची. दृश्य चाळीस सेकंदांचं तर संगीत चाळीस सेकंदांचं. संगीतकारासमोर पडद्याचं घड्याळ असतं. असं बांधलेलं संगीत सुटं ऐकलं की त्यातले सांधे दिसतात.

दुसरं, अर्थ. 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायक डार्थ व्हेडरचं ते प्रसिद्ध मार्च 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) पासून येतं, सगळ्यांना पाठ आहे. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) मध्ये व्हेडर मरतो तेव्हा तीच धून येते, अगदी हळू, आणि तिचे शेवटचे सुटे स्वर हार्पवर पडतात. थिएटरात घशात आवंढा येतो. पण ज्यानं सिनेमा पाहिला नाही त्याच्यासाठी ते हार्पचे स्वर आहेत, बस.

गज आणि तार
रविवार, संध्याकाळी ७:४५

दुपारपासून क्लास होता, आत्ता वाचलं. व्हायोलिन शिकवते, हिंदुस्थानी पद्धतीचं, त्यामुळे मी कुंपणावर बसून दोन्हीकडे बघते.

चौकटीबाहेर, तुमच्या व्हेडरबद्दल आधी. ज्यानं सिनेमा पाहिला नाही पण दोन्ही अल्बम ओळीनं ऐकले, त्याला नुसते हार्पचे स्वर ऐकू येणार नाहीत. त्यानं ती धून आधी ट्रंपेट-ट्रॉम्बोनवर, ढोलांसकट, छाती काढून चालताना ऐकलेली असते. आता तीच एका माणसाच्या बोटांवर आली. कोण मेलं हे त्याला नाही कळणार, पण काहीतरी मोठं होतं आणि आता ते संपलं, हे नक्की कळेल. हे कळायला पडदा लागत नाही, आधीचं ऐकलेलं लक्षात असावं लागतं.

जुना श्रोता काका, तिसऱ्यांदा ऐकताना काय उरतं ह्याचं माझं उत्तर थोडं लांब आहे.

आपला कान षड्जावर बसलेला. तानपुरा सुरू झाला की जमीन पक्की, मग गायक कितीही लांब जाऊ दे. स्कोअर पहिल्यांदा ऐकताना मला चक्कर आल्यासारखं व्हायचं, कारण इथे जमीनच हलते. वरचा स्वर तोच धरलेला असतो आणि खाली बास एक पायरी सरकतो, की त्याच स्वराचा चेहरा बदलतो. 'इंटरस्टेलर' (२०१४) मध्ये हान्स झिमरनं हे फार उघड करून दाखवलंय. वर एक छोटा तुकडा फिरत राहतो, जवळजवळ न बदलता, आणि खालचे स्वर त्याच्याखालून चालत जातात. त्यातला ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमधला आहे, खरा, नळ्यांमधून हवा जाणारा. हेडफोनवर ऐकलं तर स्वराच्या आधीची हवा लागते कानाला. पहिल्यांदा मी वरचा तुकडाच ऐकला. दुसऱ्यांदा मुद्दाम फक्त खालचा स्वर धरला, आणि तो वेगळाच प्रवास निघाला. आपल्याकडे एकच ओळ विस्तारत जाते म्हणून एका ओळीकडे लक्ष पुरतं. इथे चार-पाच ओळी एकाच वेळी आपापलं बोलत असतात, एका ऐकण्यात सगळ्या सापडत नाहीत.

आणि वाजवणाऱ्यांबद्दल. सोळा व्हायोलिनं एकच स्वर वाजवतात तेव्हा ते सोळा पट मोठं ऐकू येत नाही, रुंद ऐकू येतं. प्रत्येकाचा स्वर केसभर वरखाली, प्रत्येकाचा गज क्षणभर पुढेमागे, ह्या बारीक फरकांनीच ती रुंदी येते. सगळे तंतोतंत जुळले असते तर एकच मोठं आणि मेलेलं व्हायोलिन ऐकू आलं असतं. फ्रेंच हॉर्न ह्या पितळी वाद्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या मागच्या बाजूला असतं, म्हणून त्याचा आवाज भिंतीवर जाऊन आपल्याकडे येतो. दूरचं, आठवणीतलं, डोंगरापलीकडचं काही दाखवायचं असलं की संगीतकार हॉर्न का काढतात त्याचं एक कारण हे.

केवळ तंतुवाद्यं ऐकायची तर 'सायको' (१९६०). बर्नार्ड हर्मननं त्यात दुसरं वाद्यच घेतलं नाही. शॉवरमधल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं म्हणणं होतं, हर्मननं तरीही लिहिलं आणि ऐकवलं, मग हिचकॉक तयार झाला. गंमत म्हणजे त्या एका दृश्याआधी आणि नंतर सगळी वाद्यं म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा चिमटा, लावून वाजतात. म्यूट तिथेच काढलाय. सिनेमा बघताना आपण सुरी बघतो. ऐकताना कळतं की किंकाळी येते ती कोंडलेला आवाज मोकळा सुटल्यामुळे.

मिसळीचा कट
रविवार, रात्री ८:१०

+१ गज आणि तार. वाचनखूण साठवली.

मला एक सांगा, हे ऐकायचं कशावर? माझ्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे.

राजारामपुरीकर
रविवार, रात्री ८:३५

साधा वायरचा हेडफोन चालेल, महागडं काही नको. ब्लूटूथचा छोटा स्पीकर मात्र नको, सगळा आवाज एका डबीतून येतो. ऑर्केस्ट्रा साधारणपणे पसरून बसलेला असतो, पहिली व्हायोलिनं डावीकडे, चेलो आणि डबल बास उजवीकडे, ती बसण्याची जागाच ऐकण्यातली निम्मी मजा आहे.

अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळा आवाज एका पातळीवर आणणारं) आणि क्रॉसफेड (एक तुकडा पुढच्यात मिसळणारं) बंद करा. शफल तर अजिबात नाही. हळू भाग आला म्हणून आवाज वाढवू नका, पुढे ब्रास कानाचे पडदे काढेल. पंखा बंद करता आला तर उत्तम. गणपतीच्या दिवसांत महाद्वार रोडच्या आसपास राहत असाल तर सरळ अनंत चतुर्दशी उलटू द्या.

गंगावेस
सोमवार, रात्री १०:५०

ब्लूटूथवर मी ऐकून बघितलं. तांबडा आन पांढरा एकाच वाटीत ओतल्यागत लागतंया. राजारामपुरीकर म्हणतोय ते खरं हाय.

आता मेन गोष्ट. त्या लॉर्ड ऑफ द रिंग्जमदी सारुमान ह्या दुष्ट जादूगाराच्या किल्ल्याचं म्युझिक हाय बघा, आयसनगार्ड, लोखंड ठोकायचा आवाज येतो त्यात. त्यो ठेका मला काय गावंना. चारात बसंना, तीनात बसंना. शेवटी बोटं मोजली तर पाच! पाच मात्रा हाईत भावांनो. वर पितळंची धून आन खाली पाचाचं घण.

आमच्या तालमीत हलगी-घुमकं-कैताळ चालतंय. मी हलगीवर पाच धरलं आन घुमकंवाल्याला म्हटलं, ये माझ्यासंगं. गडी चारावर सम टाकून मोकळा! तीन बार झाल्यावर दोघं दोन गावाला. मग मी कैताळवाल्याला फक्त पहिल्या मात्रेवर वाजवायला लावलं, तवा कुठं गाडी रुळावर. आन रुळावर आली तवा, काय सांगू, अंगावर काटा. चाल पुढं जातीया पण लंगडत, एक पाय जड असल्यागत. म्हणून ती माणसं न्हाईत असं वाटतंय, यंत्र वाटतंय. हे पिक्चर बघताना माझ्या बापजन्मात कळलं नसतं. नाद खुळा.

जुना श्रोता
मंगळवार, सकाळी ७:१५

गंगावेस, तुमचं वाचून झपताल आठवला. पण तो दहाचा, दोन-तीन-दोन-तीन, त्याला डौल आहे. निव्वळ पाचाचा घण म्हणजे दुसराच मामला. ऐरण म्हटली की आमच्या पिढीला भालजींचा 'साधी माणसं' (१९६५) आठवणार. 'ऐरणीच्या देवा' ला लताबाईंनी 'आनंदघन' ह्या नावानं संगीत दिलं. तिथल्या लोहाराच्या कामात देव आहे, ह्या सारुमानाच्या कारखान्यात तो नसावा.

नातवाकडून हेडफोन घेऊन काल पहिला भाग ऐकला. स्पष्ट सांगतो, सगळं रुचलं नाही. फार वेळा मोठ्या आवाजाचा आधार घेतात. एकदा गर्जना झाली की दुसरी गर्जना लगेच कशाला? आमचे बुवा तार षड्ज लावायला श्रोत्याला तासभर ताटकळत ठेवायचे.

पण त्या हॉबिट मंडळींच्या गावाची धून. ती आधी एका साध्या बासरीवर येते.

राजारामपुरीकर
मंगळवार, सकाळी ९:००

काका, ती टिन व्हिसल, पत्र्याची छोटी आयरिश बासरी. वाक्य अर्धं राहिलं का तुमचं?

जुना श्रोता
मंगळवार, सकाळी ९:४०

हो, फोन आला.

म्हणत होतो की ती धून पुढे निरनिराळ्या वाद्यांवर येते, आणि दर वेळी थोडी संथ होते असं मला वाटलं. घरापासून लांब गेल्यावर घराची आठवण जशी आपसूक सावकाश येते. हे मात्र मला आमच्याकडच्यासारखं वाटलं. तीच जागा, वय वाढलेलं. ही एक गोष्ट मिळाली, बाकी गर्जनांबद्दल माझं मत कायम.

माहेर कोल्हापूर
मंगळवार, दुपारी १:२५

इथे एवढं चाललंय आणि कोणी 'सैराट' (२०१६) चं नाव काढू नये? अजय-अतुल ह्यांनी त्या गाण्यांचा वाद्यवृंद कॅलिफोर्नियात सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर जाऊन ध्वनिमुद्रित केला. 'सैराट'ची गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाने खरं तर सिंफनी वाद्यवृंद ऐकलेला आहे. 'याड लागलं' घ्या आणि आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त मागची व्हायोलिनं धरा. राजारामपुरीकर म्हणतील गाणी नकोत, पण आपल्या कानाला ह्या दारातून आत जाणं सोपं पडतं.

हे कौशल्य आपल्याकडे नवीनही नाही. हिंदी सिनेमात शंकर-जयकिशनच्या मागे सेबास्टियन डिसूझा होते, गोव्याचे, वाद्यमेळ लिहून काढणारे. अँथनी गोन्साल्विस, तेही गोव्याचे, प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. गाणं गुणगुणताना आपण ज्या दोन ओळींमधला तुकडाही गुणगुणतो, तो बऱ्याचदा अशा अरेंजर मंडळींच्या हातचा. पडद्यावर नाव यायचं ते 'सहाय्यक' म्हणून, तेही आलं तर.

आणि इळैयराजा! 'हाउ टू नेम इट?' (१९८६) हा सिनेमाचा नाही, स्वतंत्र अल्बम आहे, त्यागराज आणि बाख एकमेकांशेजारी बसवलेत. चौकटीबाहेर यांची पडद्याची अडचणच नाही तिथे. ह्याच माणसानं २०२५ च्या मार्चमध्ये लंडनला रॉयल फिलहार्मोनिककडून स्वतःची सिंफनी वाजवून घेतली.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईला एनसीपीए ह्या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत. मी पुण्याहून एकदा गेले होते. डबल बास आठ एकदम सुरू झाले तेव्हा खुर्चीचा हात थरथरला, हे हेडफोन देत नाही.

चौकटीबाहेर
मंगळवार, रात्री ११:३०

दोन दिवस गप्प होतो, कारण ऐकत होतो. 'फेलोशिप' पूर्ण, मग 'सायको' पूर्ण.

सांध्यांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. ते ऐकू येतात. 'सायको'त काही तुकडे असे संपतात की पुढे दार उघडलं असणार हे कळतं. पण एक गोष्ट माझ्या युक्तिवादात बसत नव्हती, ती म्हणजे शेवटची श्रेयनामावली. तिथे दृश्य नाही, संवाद नाही, कट नाही. नावं वर सरकत असतात आणि संगीतकाराला पहिल्यांदा मोकळं मैदान मिळतं. सगळ्या थीम तो तिथे एकत्र आणून सलग बांधतो. म्हणजे सिनेमानं पार्श्वसंगीताला जागा करून दिलेली आहे, गायकनटासारखीच. आपण ती वापरत नाही एवढंच. आपल्याकडे मल्टिप्लेक्समध्ये शेवटचं दृश्य संपायच्या आत दिवे लागतात, बाहेरची दारं उघडतात, झाडू घेऊन माणसं आत येतात. एकदा मी बसून राहिलो तर विचारलं, 'काही हरवलंय का साहेब?'

म्हणून माझी सुधारित भूमिका: श्रेयनामावलीचं संगीत सुटं ऐकावं, तो संगीतकाराचा हक्क आहे. बाकीचं ऐकण्याआधी सिनेमा पाहिलेला असावा. आणि 'कुंकू' बघावा, सगळ्यांनी.

गज आणि तार
बुधवार, सकाळी ८:५०

अर्धी भूमिका बदलली तुम्ही, उरलेली अर्धी प्रत्यक्ष बघू.

ताराबाई पार्कात माझा क्लास आहे, रविवारी सकाळी हॉल रिकामा असतो. साऊंड बरा आहे. यायचं का सगळ्यांनी? मी असं सुचवते. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या दुसऱ्या भागातलं, 'द टू टॉवर्स'मधलं, रोहन राज्याचं संगीत कोणी धाग्यात काढलं नाही, ते लावू. त्यात हार्डांगर फिडल आहे, नॉर्वेचं व्हायोलिन. त्याला मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात, आपल्या सारंगीसारख्या, त्या आपोआप घुमतात. गज उचलल्यावरही स्वर थोडा वेळ मागे राहतो. काकांना ते आवडेल असा माझा अंदाज आहे, आणि तिथे गर्जनाही जरा कमी आहेत.

चौकटीबाहेर
बुधवार, सकाळी ९:३०

येतो. एक अट. एखादं दृश्य आधी आवाज बंद करून दाखवायचं, मग पडदा बंद करून नुसतं संगीत, मग दोन्ही एकत्र. प्रत्येकानं काय ऐकू आलं ते कागदावर लिहायचं, आधी बोलायचं नाही. प्रोजेक्टर मी आणतो.

राजारामपुरीकर
बुधवार, सकाळी ९:५५

अट मान्य. दृश्य मात्र असं घ्या जे कोणी पाहिलेलं नाही, नाहीतर आठवणच कागदावर उतरेल.

जुना श्रोता
बुधवार, सकाळी १०:२०

मला पहिल्या मजल्याच्या वर चढवत नाही. हॉल कुठे आहे?

गज आणि तार
बुधवार, सकाळी १०:२५

तळमजला, काका. दारापर्यंत रिक्षा येते. खुर्च्या थोड्याच आहेत, बाकीच्यांना सतरंजी. सकाळी साडेनऊला सुरू करू, त्यानंतर समोर बांधकामाचा मिक्सर चालू होतो.

गंगावेस
बुधवार, दुपारी १२:४०

पप्पांना घिऊन येतो. युफोनियमबी आणू का? फक्त त्येंना मधीच बोलायची सवय हाय, कागदाचं मी त्येंना समजावून ठेवतो, पण गॅरंटी न्हाई.